डोळा लागला की कळव

१२ जानेवारी

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं बरं बरं म्हणतेस आणि खाली ठेवतेस, म्हणून म्हटलं लिहावंच. माझं ठीक चाललंय. दुकानही चाललंय. बाबा असताना चालायचं तसं नाही, पण जुनी गिऱ्हाइकं येतात, खुर्चीत बसतात, आधी बाबांच्या फोटोकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मग हळूच चष्मा पुढे करतात. पुढच्या महिन्यात बाबांना जाऊन वर्ष होईल. अजूनही सकाळी शटर वर करताना मला वाटतं, आत दिवा लागलेला असेल आणि ते काच घासत बसलेले असतील.

लिहायचं कारण वेगळंच आहे. बाबांचं ते इवल्या संत्र्यांचं, कुमकाटाचं झाड आजारी पडलंय. पानं पिवळी पडतायत, शिरा तेवढ्या हिरव्या. सकाळी झाडू मारताना सूपभर पानं निघतात. उरलेली हाताला चिकट लागतात आणि कुंडीभोवती मुंग्यांची रांग लागलीय. मी रोज न चुकता पाणी घालते गं. खालची ताटली कायम भरलेली असते. तरी हे असं.

तुला ठाऊकच आहे, बाबा त्या झाडावर केवढे विसंबून असायचे. लहान मुलांना आणि अक्षर न येणाऱ्यांना ते तक्त्यापुढे बसवायचेच नाहीत. खुर्ची मागच्या भिंतीला, झाड पुढच्या काचेत, आणि प्रश्न एकच, की फळं किती दिसतात. बोराएवढी ती केशरी फळं मोजता मोजता चष्म्याचा नंबर निघायचा, आणि जाताना पोराला एक फळ सालीसकट खायला मिळायचं. परवा एक आजोबा आले. खुर्चीत बसून सवयीने झाडाकडे बघितलं आणि म्हणाले की एकही दिसत नाही, आता नजर पारच गेली म्हणायची. त्यांची नजर चांगली होती गं, झाडावर फळच नव्हतं. त्यांच्यासमोर हसले आणि मग आत जाऊन रडले.

आई मला आठवतही नाही. बाबा गेले. आता हे झाड गेलं तर त्यांच्या हातचं जिवंत असं काही उरणार नाही. वेडी म्हण हवं तर. पण ते कलम तूच बांधून त्यांना दिलं होतंस, तेव्हा तूच सांग काय करू.

आतोबांना नमस्कार. लोभ आहेच, थोडा झाडापर्यंतही पोचव.

तुझी,
भिंगरी


२० जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, रोज पाणी? झाड आहे की बदक? तुझ्या बापानेही पहिल्या वर्षी हेच केलं होतं, तेव्हा मी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. आता तुझी पाळी.

पत्र वाचून झालं की आधी ती ताटली उचल आणि पाणी फेकून दे. मुळं गुदमरली की खालून खाणं वर चढत नाही, म्हणून पान पिवळं आणि शीर हिरवी. यापुढे मातीत बोट खुपसायचं. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही वाहून जाऊ द्यायचं. चिकट पानं उलटून बघ. मागे तपकिरी खपल्या दिसतील. त्या खपल्या नाहीत, किडे आहेत. चष्मे पुसायचं मऊ फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून एकेक पान पुसून काढ. मुंग्या त्या किड्यांच्या चिकट्यासाठी येतात, किडे गेले की त्याही जातील. आणि दुपारी काच तापते तेव्हा कुंडी मागे ओढत जा.

आता एक नीट बघून कळव. बुंध्याशी, मातीला लागून, कुठे डिंक आलाय का?

तू फळं मोजायचं लिहिलंस आणि मला हसू आलं. मी चष्मा करायला आले की आधी दुकानात शिरता शिरता फळं मोजून घ्यायचे आणि मग साळसूदपणे खुर्चीत बसायचे. दादाने विचारलं की फाडकन आकडा सांगायचे. दोन वर्षं फसला. तिसऱ्या वर्षी मी पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात त्याने एक फळ तोडून तोंडात टाकलं. मी आपली ऐटीत जुनाच आकडा सांगितला. तोंडात फळ तसंच ठेवून असा हसला, असा हसला की त्याला ठसका लागला. नवा नंबर मग कपाळी आलाच.

आमचं बरं आहे. आतोबांकडे गणवेशांची शिलाई आलीय, मशीन दिवसभर धडधडतं. मला हल्ली दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, आणि परवा चहा कपात ओतायचा तो बशीत ओतला. वय झालं. रोपांचं काम मात्र हाताला पाठ आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आठवण ठेव, आम्ही ठेवलीच आहे.

तुझी,
आत्या


११ फेब्रुवारी

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस ते सगळं केलं. पानं पुसता पुसता हाताला साबणाचा वास चिकटून बसला, पण मुंग्या गेल्या. आणि आत्या, बातमी ऐक! झाडाला फूट आलीय! खालच्या बाजूने, बुंध्यातून, चांगली हातभर सरळसोट वाढलीय. केवढा जोर! काटे आहेत, पानंही जरा वेगळी, तीनतीनची, पण हिरवीगार. वरच्या फांद्या अजून मलूलच आहेत, तरी मला काळजी नाही. सकाळी ती फूट बघितली आणि मी एकटीच मोठ्याने म्हणाले की बाबा, आलात. समोरच्या छत्रीवाल्याने वळून बघितलं.

डिंक म्हणशील तर हो, मातीशी थोडा आहे, मधासारखा. तो चांगला की वाईट?

आणि तुझ्या ओळींना काय झालंय? डावीकडून निघतात त्या डोंगर चढत चढत उजवीकडे जातात, शेवटचे दोन शब्द तर एकमेकांच्या खांद्यावर बसलेत. चष्मा जुना झाला तुझा. ये इकडे, मी करून देते. बाबांइतकी नसले तरी त्यांच्याच हाताखाली शिकलेय.

लोभाची फूटही अशीच वाढू दे.

तुझी,
भिंगरी


१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुला कसं सांगू कळत नाही, म्हणून सरळच सांगते. ती फूट दादाच्या झाडाची नाही. कुमकाटाचं कलम रानटी खुंटावर बांधलेलं असतं. खालची मुळं आणि बुंधा त्या खुंटाचा, वरचं झाड कुमकाटाचं. बुंध्यावर सांधा असतो, तिथे हात फिरवलास तर गाठ लागेल. गाठीच्या खालून जे येतं ते खुंटाचं. काटे आणि तीनतीन पानं म्हणजे तोच. तो झाडाचं खाणं ओरपतो आणि उपाशी वरचं मरतं. आजच्या आज ती फूट मुळापासून काढ. जीव होणार नाही तुझा, तरी काढ.

आणि डिंक वाईट. साल आतून कुजतेय, पाण्याने. तू मुद्दाम केलं नाहीस, माहीत आहे मला. पण झाड आता वाचायचं नाही, बाळा. फार तर महिनाभर तग धरेल.

झाड वाचणार नाही, पण त्याचं पुढे चालवता येईल. वरच्या फांद्यांपैकी ज्या पेन्सिलीएवढ्या आहेत, हिरव्या आणि गोल, त्या दोनचार कापून घे. पानं छाटून टाक, पण देठ ठेव. प्रत्येक देठाच्या कुशीत एक डोळा असतो, बारीक फुगीर टिंब. सगळं झाड त्या डोळ्यात असतं. ओल्या फडक्यात गुंडाळून, वर प्लास्टिक लावून लगेच पाठव. माझ्याकडे खुंटाची रोपं तयार आहेत, मी डोळे भरते. दादाला दिलं ते झाडही मी असंच केलं होतं.

चष्म्याचं म्हणशील तर राहू दे. माझ्या डोळ्यांना इतकी वर्षं दादाचाच हात लागलाय. त्याने दिलेला चष्मा काढून दुसऱ्याचा घालायचा माझ्याच्याने होत नाही. तुझा राग नाही गं. अजून थोडे दिवस जाऊ दे.

रडून घे आणि मग कात्री घे.

तुझी,
आत्या


१ मार्च

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

काढली ती फूट. हाताला काटा लागला. सगळ्या झाडात तेवढीच एक जिवंत होती आणि तीच मी काढली.

फांद्या सोबत आहेत. बाबांचेच डोळे पाठवतेय असं वाटलं. जपून घे. डोळा लागला की कळव, तोवर मला चैन पडणार नाही.

तुझी,
भिंगरी


८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

फांद्या हिरव्या पोचल्या. एकाच खुंटावर दोन डोळे भरलेत, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. एक गेला तर दुसरा असावा म्हणून. बाकीचे डोळे सुकलेले निघाले, तेव्हा हे दोनच. पूर्वी चहा गार व्हायच्या आत मी चार रोपं उरकायचे, आता एकाला अख्खी सकाळ लागली. सुरी दोनदा बोटात गेली. सालीला उभी चीर द्यायची, आडवी द्यायची, डोळा आत सरकवायचा आणि पट्टी बांधायची, एवढंच तर काम. हाताने सगळं केलं, पण डोळा सुलटा बसला की उलटा ते बघायला आतोबांना हाक मारावी लागली. ते सुईत दोरा ओवता ओवता आले आणि म्हणाले की सुलटा आहे. शिंप्याचा शब्द.

आता वाट बघायची. तीन आठवड्यांनी देठाला बोट लावायचं. देठ टपकन गळून पडला तर डोळा लागला. वाळून चिकटून बसला तर डोळा गेला. झाडाचं एवढंच साधं बोलणं असतं.

तुझी,
आत्या


२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

थोडंच लिहिते, डोकं फार ठणकतं. कलम सावलीत आहे, आतोबा पाणी घालतात. उजवा डोळा गेला. उशीर झाला म्हणतात. डावा अजून आहे, पण त्याचंही काही खरं नाही. तुला सांगू नये असं मनात होतं, पण लपवलेलं तुला खपत नाही. तू जिवाला लावून घेऊ नकोस. तुझं दुकान सांभाळ.

आत्या


७ एप्रिल

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं, दोनदा वाचलं. मग म्हटलं, आपल्या आत्याने आधीच व्यवस्था करून ठेवलीय की! उजवा गेला तर गेला, दोन ठेवले ते त्यासाठीच ना? एक असला तरी पुरे. गेलेल्याचं कसलं दुःख करतेस? तो सुरीने खरवडून टाक म्हणजे डाव्याला त्रास नको. मी तर म्हणते, एकाच डोळ्याचं झाड सरळ वाढतं, दोन असले की नुसती भांडणं.

इकडचं झाड काल संपलं. तू म्हणाली होतीस तसंच. कुंडी मी काचेतच ठेवलीय, रिकामी. तेव्हा आता सगळी मदार तुझ्या डाव्या डोळ्यावर! त्याला माझा नमस्कार सांग.

लोभ वाढता ठेव, डोळ्याला फुटेल तसा.

तुझी,
भिंगरी


१३ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. आ.

मला कात्री चालवता येते, लेखणी नाही. तरी लिहितो, कारण तुझी आत्या लिहू देत नव्हती आणि आता ती झोपलीय.

तुझं पत्र मीच तिला वाचून दाखवलं. वाचून झालं तसा मी कागद घडी करून खिशात घातला. ती मात्र हसली. म्हणाली की पोरीला कलमाचं वाटलं, बरंच झालं, तसंच राहू दे. मग भिंत धरत धरत आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पोरी, कलमाचा डोळा नाही गेला. तिचा स्वतःचा गेला. काचबिंदू म्हणाले. डोळ्यातला दाब किती दिवस वाढत होता कोण जाणे. उजव्याने आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डाव्याचीही निम्मी नजर गेली आहे. गेलेली परत येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांनी टिकली तर टिकेल. वेळेवर आला असतात तर, असं डॉक्टर बोलले. मी रागावून तिला विचारलं की तपासून का घेतले नाहीस. तर म्हणाली, दादा दरवर्षी बघायचा, आता कोणाकडे जाऊ.

कलमाची पट्टी तिने अजून सोडलेली नाही. देठाला हात लावायची भीती वाटते तिला. मला लावू देत नाही.

तुला दोष देण्यासाठी हे लिहिलेलं नाही. जमलं तर ये.

आतोबा


१७ एप्रिल

ती. आत्या आणि ती. आतोबांस,
सा. न.

शनिवारी येतेय. दुकान बंद ठेवलंय.

आत्या, मी काय लिहिलं तुला! खरवडून टाक म्हणाले. नमस्कार सांग म्हणाले. हात झडावेत असं वाटतं. चष्मेवाल्याची मुलगी मी, दिवसभर परक्यांच्या डोळ्यांत उजेड टाकून बघते. तू दिव्याभोवतीचं कडं लिहिलंस, चहाचं लिहिलंस, ओळी डोंगर चढत होत्या, आणि मी त्याची थट्टा केली. बाबांना पहिल्या ओळीत कळलं असतं. मला फक्त झाड दिसत होतं.

बाबांची काचांची पेटी घेऊन येतेय. काचबिंदूला त्यातली एकही काच चालत नाही, हे मला माहीत आहे. तरी आणतेय. तू चालवून घे.

तुझी,
भिंगरी


२८ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू करून दिलेल्या पुठ्ठ्याच्या खिडकीतून हे लिहितेय. एका ओळीएवढी फट, ती भरली की पुठ्ठा बोटभर खाली. चांगली युक्ती आहे, दादाला आवडली असती. आतोबा म्हणतात की तू बोल, मी लिहितो. पण आजचं त्यांच्याकडून लिहून घेण्यासारखं नाही, म्हणून हा खटाटोप.

तू आलीस, बरं झालं. पेटीतल्या सगळ्या काचा तू एकेक करून माझ्यापुढे धरल्यास, आणि मी प्रत्येकीला नाही म्हणत गेले. तुझा चेहरा मला दिसला नाही, पण काच फ्रेमवर किणकिणत होती. आता ते मनातून काढून टाक. तुझ्या पत्राचंही काढून टाक. खरं सांगू? घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले होते. तुझं ते पत्र तेवढं मोठ्याने हसत आलं. रडले मी, खोटं कशाला बोलू, पण हसलेही.

पट्टी सोडली तेव्हा तू माझं बोट धरून देठावर नेलंस. डाव्या अंगाचा देठ चिकटून बसला आणि उजव्याचा टपकन गळून पडला. झाडाने माझ्या नेमकं उलट केलं, म्हणून आपण तिघंही किती हसलो. तू गेल्यावर मी त्या खुंटाचा शेंडा कापला, म्हणजे सगळा जोर डोळ्याकडे जावा. कापताना आतोबा मशीन थांबवून शेजारी उभे होते.

आता जे सांगायचंय ते. आतोबांनी दादाची विद्या उचललीय. रोज सकाळी मला अंगणाकडे तोंड करून बसवतात आणि विचारतात की दोरीवर कपडे किती. मी बरोबर आकडा सांगते, आणि ते इतके खूश होतात की मशीनवर बसून गुणगुणायला लागतात. थेंबांनी गुण आला असं शेजारीपाजारी सांगत सुटलेत. त्यांच्या एवढं लक्षात येत नाही की ते कपडे मीच वाळत घालते. दादा असता तर त्याने एक सदरा गुपचूप काढून खिशात घातला असता.

काल ते ओरडतच आले की डोळा फुटला, हिरवं टोक आलंय, बघ, बघ. मला हात धरून नेलं. मी वाकले आणि म्हणाले की हो, दिसतंय की, केवढं हिरवं! त्यांना इतका आनंद झाला की माझा हात सोडून तुला फोन करायला धावले. तेवढ्या वेळात मी बोटाने चाचपलं. आहे, भिंगरी. तांदळाच्या कणीएवढं आहे, मऊ आहे, आणि गाठीच्या वर आहे. काटा नाही. दादाचंच आहे.

पण दिसलं नाही मला. डावाही चालला आहे. हे तुला एकटीला सांगतेय, कारण तू त्या खुर्चीमागे उभी राहणारी आहेस, तुला फसवून चालणार नाही. आतोबांना एवढ्यात कळू देऊ नकोस. त्यांना थोडे दिवस गुणगुणू दे.

पावसाळा सरला की रोप घेऊन जा आणि त्याच काचेत ठेव. ताटलीत पाणी साचू देऊ नकोस. फळं धरतील तेव्हा मला खुर्चीत बसव आणि विचार किती दिसतात. मी आकडा सांगेनच. तू आधी एक तोडून घे.

आणि या वेळी ओळी सरळ आल्या का, तेवढं मात्र कळव.

तुझी,
आत्या